भिंतीवरची गच्ची

मी एक जुना स्लाइड प्रोजेक्टर आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी आता दमलो आहे. माझा पंखा फिरताना खरखरतो. पत्र्याचा करडा रंग कोपऱ्यांवर उडून गेला आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी माझ्यासारखे यंत्र पाहिलेही नसेल, म्हणून माझे काम थोडक्यात सांगतो.

माझ्या पोटात एक दिवा असतो. दिव्यामागे वाटीसारखा खोलगट आरसा, पुढे भिंगे आणि खाली पंखा. दिवा आणि भिंगे यांच्या मध्ये एक खाच असते. पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेला फिल्मचा पारदर्शक तुकडा, म्हणजे स्लाइड, त्या खाचेत उलटी घालायची. उलटी घातली की भिंतीवर सुलटी दिसते. टपालाच्या तिकिटापेक्षा थोडे मोठे चित्र मी भिंतीएवढे करून दाखवतो. मला एवढेच येते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबलांशी बसून बायका भिंगे पुसत, स्क्रू पिळत. शेवटच्या टेबलाशी एक तपासनीस बाई होत्या. त्या प्रत्येक यंत्रात आडव्या-उभ्या रेघांची एक स्लाइड घालत आणि भिंतीवर पट्टी धरून बघत. रेघा कोपऱ्यात वाकल्या तर यंत्र परत. माझ्या रेघा सरळ आल्या. बाईंनी माझ्या बुडाला शिक्का मारला आणि "हा बरा आहे" एवढेच म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ती मोठी शाबासकी होती.

मला विकत घेतले ते एका लाइनमनने. विजेच्या खांबांवर चढून तारा दुरुस्त करणे हे त्याचे काम. गल्लीत त्याला सगळे 'तारवाले' म्हणत. पुढे तो आजोबा झाला, म्हणून मी त्याला तारवाले आजोबाच म्हणतो. आजोबांची एक सवय होती. खांबावरचे काम संपले की ते लगेच उतरत नसत. पट्ट्याने खांबाला टेकून, हत्यारांच्या पिशवीतून छोटा कॅमेरा काढत आणि खाली जे दिसेल त्याचा एक फोटो घेत. एका खांबाचा एकच. कागदावर छापलेला फोटो एका वेळी एकालाच नीट बघता येतो, म्हणून ते स्लाइड करून घेत.

त्यामुळे आमच्याकडची सगळी वस्ती वरून दिसते. गच्च्या, पत्रे, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे आणि माणसांची डोकी. चेहरे नाहीत. गल्लीत पहिला दुमजली दवाखाना उभा राहिला तो वरून, चिंचोळा रस्ता रुंद करताना तोडलेल्या ओट्यांची रांग वरून, नव्या इमारतीने झाकलेले मैदानही वरून.

सुट्टीच्या दुपारी लाँड्रीच्या मागच्या खोलीत माझा खेळ असे. त्या खोलीला खिडकी नव्हती आणि पांढऱ्या चादरींना तोटा नव्हता. लाँड्रीवाल्या काकू स्वतः इस्त्री करून चादर टांगत. मग सगळी गल्ली जमिनीवर बसून स्वतःला शोधू लागे. नुसत्या डोक्यांवरून माणूस ओळखणार कोण? तर गल्लीतला न्हावी. तो चादरीजवळ उभा राहून बोट ठेवत जाई.

"हा सुतार."

"ते टक्कल माझं नाही," सुतार मागून ओरडे.

"तुझंच आहे. त्या वर्षापासून तू माझ्याकडे यायचा बंद झालास, ते काय उगाच?"

त्या सगळ्या चित्रांत एकच चेहरा होता. आजी गच्चीवर ओली चादर झटकत होती. समोरच्या खांबावर नवरा कॅमेरा रोखून बसलेला दिसला, तशी तिने कपाळावर हात धरून वर पाहिले आणि नेमके तेवढ्यात बटण दाबले गेले. तिचे त्या वेळचे बोलणे आजोबा दर खेळाला ऐकवत. "आधी खाली उतरा, मग काय ते नखरे करा." आजी तिथेच बसलेली असे. "आणि दीड तास जेवण गार होत पडलं होतं, ते नाही सांगत," ती म्हणे. बाकी स्लाइड भराभर पुढे सरकत. ही आली की आजोबा म्हणत, "थांब, राहू दे."

पुढे आजी गेली. मग काही दुपारी आजोबा मला एकटेच घरात मांडत. पडदा ओढत आणि ती एकच स्लाइड लावत. पंधरा मिनिटे, कधी अर्धा तास. मित्रांनो, इथे मला माझा दोष सांगितला पाहिजे. रंगीत फिल्ममध्ये रंगांचे तीन थर असतात आणि प्रकाश ते थर हळूहळू खातो. आमच्या फिल्ममध्ये निळसर थर आधी जातो. इतर चित्रे माझ्यासमोर काही सेकंदच असत, म्हणून ती टिकली. जे चित्र सर्वांत आवडते होते तेच सर्वांत जास्त वेळ माझ्यासमोर होते. आजीची निळी चादर गुलाबी झाली. आकाश विटकरी पडले. आजोबांना वाटे, आपली नजर बिघडली. ते चष्मा पुसत. मी बोलू शकत असतो तर सांगितले असते, पण मला फक्त दाखवता येते.

एका दुपारी माझा दिवा उडाला. तसा दिवा दुकानात मिळेना. मी कपाटावर गेलो आणि अकरा वर्षे तिथेच होतो. खरे सांगू? मला त्या विश्रांतीचे वाईट वाटले नाही. खाली काय चालले आहे ते कानावर येई. रस्ता खणून तारा जमिनीखाली गेल्या. खांब कापले, त्या करवतीचा आवाज चार दिवस येत होता. मग लाँड्रीची इमारत पाडायचे ठरले. माणसे शहराच्या चार टोकांना निघाली.

त्याच सुमारास आजोबांच्या नजरेच्या मधोमध काळा डाग आला. डॉक्टर म्हणाले, हा वाढत जाणार, थांबवता येणार नाही. डागाच्या कडेने थोडे दिसे, तेही मोठे असले तर. नातीने फोनवर एक-दोन फोटो दाखवून पाहिले. आजोबांनी फोन परत दिला.

"भिंतीएवढं असेल तर दिसेल," ते म्हणाले. "तिला एकदा बघायचं होतं."

नात औषधांच्या प्रयोगशाळेत काम करते. मोजूनमापून बोलणारी मुलगी. तिने महिनाभर शोधून माझ्यासाठी दिवा मिळवला. पूर्वीच्यापेक्षा बराच प्रखर. "लाँड्रीची खोली आहे तोवर सगळ्यांना बोलावू," ती म्हणाली.

दिवा बसवायला आजोबांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. जन्मभर तारा जोडलेला माणूस, त्याला डोळ्यांची गरज नव्हती. चाचपडत त्यांनी स्क्रू काढले, जुना दिवा उचलला, आणि त्यांच्या बोटांना मधली हिरवट काच लागली. काचेला तडा गेला होता.

"आजोबा, ती कशाची काच आहे?" नातीने विचारले.

"कशाची का असेना, फुटकी आहे. तुझं बोट कापेल. आणि पुढे भिंगं आहेतच की." त्यांनी ती काढून कागदात गुंडाळली आणि टाकून दिली.

मित्रांनो, ती काच दिव्याची उष्णता अडवणारी होती. ती होती म्हणून आजवर फिल्म नुसती विटली, जळली नाही. आजोबांना विजेतले सगळे कळत होते, पण मी वीज नाही, चित्र दाखवतो.

खेळाला बावीस माणसे आली. कोण काठी टेकत, कोण दोन बस बदलून. काकूंनी इस्त्री केलेली चादर टांगली. न्हावी आता थरथरत्या हाताने बोट ठेवत होता, पण त्याची ओळख चुकत नव्हती. "हा भोवरा माझ्या धाकट्या भावाचा," तो म्हणाला. "या पोराला सरळ भांग कधी पडलाच नाही." लोक हसले. माझ्या आत मात्र कधी नव्हे इतके तापले होते. स्लाइड भराभर जात होत्या, म्हणून निभावले.

मग आजी आली. नातीने आजोबांची खुर्ची चादरीजवळ ओढली. त्यांनी मान तिरकी केली, मग आणखी थोडी, डागाच्या कडेने बघायला. आणि त्यांचे ओठ हलले.

"दिसली," ते म्हणाले. "थांब, राहू दे."

फिल्म तापली की मधोमध फुगते. चित्र धूसर झाले. नातीने भिंग फिरवून ते नीट केले. ते पुन्हा धूसर झाले. मग चादरीवर आजीच्या पायाजवळच्या कोपऱ्यात एक तपकिरी डाग उमटला आणि जळका वास आला.

"आजोबा, फिल्म जळतेय. काढू?"

"बघू दे गं त्यांना," काकू म्हणाल्या. "परत कधी दिसणार आहे?"

"आणि जळून गेली तर कुणालाच दिसायची नाही," न्हावी म्हणाला.

नातीचा हात स्लाइड सरकवायच्या माझ्या दांड्यावर होता. तिने तो सरकवला नाही. तिला आजोबांकडून ऐकायचे होते. मी पंखा फिरवता येईल तेवढा फिरवला, दुसरे काही माझ्या हातात नव्हते.

आजोबांनी मान हलवली नाही. "तिच्या हातात काय आहे, सांग बरं."

"ओली चादर."

"आणि तोंडावर?"

"रागावलीये."

"मग बरोबर आहे," आजोबा म्हणाले. "काढ."

दांडा सरकला. चादरीवर नुसता पांढरा चौकोन राहिला. मग नातीने माझी वायर काढली. 

दुसऱ्या दिवशी नात ती स्लाइड फोटो स्टुडिओत घेऊन गेली आणि तिने रंग सुधारून तिची प्रत करून आणली. कोपऱ्यातला डाग तसाच आहे. लाली बरीच कमी झाली, चादर पुन्हा निळसर दिसते म्हणतात. प्रत बावीस घरी पोचली. नातीने आजोबांसाठी ती मोठी छापली, पण तोवर आजोबांच्या नजरेतला डाग वाढला होता. ते प्रतीवरून हात फिरवतात आणि चौकटीतली मूळ स्लाइड खिशात ठेवतात. कुणी भेटायला आले की विचारतात, "रागावलेलीच दिसते ना?"

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात की आम्हाला विसरू नका, पुन्हा वापरा. मी तसे म्हणणार नाही. तुमच्याही घरी एखाद्या डब्यात असे फोटो असतील. आजी-आजोबांना दिसते आहे तोवर त्यांच्याशेजारी बसा. कोण कुठे उभे आहे ते विचारा आणि मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. जे चित्र सर्वांत आवडते असेल त्याची प्रत सर्वांत आधी काढा, कारण तेच आधी झिजते. मूळ चित्र कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा.

मला कपाटावरच राहू द्या. धूळ बसली तरी हरकत नाही. फक्त आजीसमोर मला पुन्हा पेटवू नका.