वाकडी सळई

पुस्तकबांधणीचं दुकान उद्यापासून बंद, असं मुलाने परस्पर ठरवून टाकलं आणि किल्ली स्वतःच्या जुडग्यात अडकवून खिशात घातली. आईने एका वकिलांच्या जाडजूड पुस्तकाला पुठ्ठा उलटा बसवला होता, एवढंच निमित्त. वकिलांनी पुस्तक उघडलं, तर आत सगळी अक्षरं डोक्यावर उभी!

"डोळे गेलेत तुझे," मुलगा म्हणाला. "आता आराम कर."

आराम म्हटलं की आईच्या अंगावर काटा यायचा. दुकान गेलं की दिवसभर खुर्चीत बसून भिंतीकडे बघायचं, आणि ती भिंतही धड दिसणार नाही. छे! तिने पुसायचं फडकं उचललं आणि डोळ्यांवर करकचून बांधलं.

"दे हातात काहीही. एक जरी चुकलं, तर किल्ली तुझी."

मुलाने पेटीतलं एक हत्यार दिलं.

"कातडं तासायची रापी. हिने कुणीतरी डबा उघडलाय, आणि कुणी ते मला ठाऊक आहे."

मुलगा खाकरला. दुसरं हत्यार दिलं.

"अकीकाचा घोटा. सोनेरी अक्षरांना चमक आणायला."

"रोजची हत्यारं कुणीही ओळखेल," मुलगा कुरकुरला. "अनोळखी द्यायला पाहिजे."

"मग माझं घ्या," सून म्हणाली. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला व्हायोलिनं दुरुस्त करायची आणि तिच्या पिशवीला आईने कधी हात लावला नव्हता. सुनेने एक सळई सासूच्या तळहातावर ठेवली. मुलाचा चेहरा खुलला, कारण ती कशाची हे त्यालाही सांगता आलं नसतं.

आईची बोटं थबकली. फडक्याखालून घामाचा ओघळ उतरला. सळई चपटी, दोनदा वाकवलेली. एक टोक अणकुचीदार, दुसऱ्याला दाते. घाई नको, तिने स्वतःला बजावलं.

"तासायला नाही, धार नाही. उचकटायला नाही, मोडेल. या टोकावर काहीतरी टोचून आत न्यायचं, मग दात्यांनी ढकलून उभं करायचं. वाक अशासाठी, की भोक अरुंद आणि जागा आडवळणाला. व्हायोलिनच्या पोटात लाकडाचं काहीतरी उभं करतेस तू."

"आतला खांब!" सून ओरडलीच. "तो जरा सरकला की वाद्याचा आवाज बसतो."

"हिने आधीच सांगितलं असणार," मुलगा म्हणाला.

"सांगितलं असतं तर मला घाम फुटला असता का?" आईने फडकं सोडलं आणि सुनेला विचारलं, "आत काम करताना तुला दिसतं किती?"

"जवळजवळ काहीच नाही. सगळं हाताला विचारायचं."

"ऐकलंस?" आई मुलाकडे वळली. "पुठ्ठ्यावरचं नाव खोल दाबलेलं असतं. बोट फिरवलं असतं तर उलटं आहे हे कळलं असतं. पण नव्या चष्म्याच्या तोऱ्यात मी नुसती नजर टाकली. चुकलंच माझं. पण न दिसता काम करणाऱ्यांची दुकानं बंद करायची असतील, तर आधी बायकोची किल्ली मागून घे."

मुलाने बायकोकडे पाहिलं. ती शांतपणे सळई पुसत होती. त्याने खिशातला जुडगा काढून आईच्या हातात दिला.

आईने त्याच्याकडेच बघत दुकानाची किल्ली चाचपून काढून घेतली आणि बाकीच्यांतली एक चिमटीत धरून जुडगा परत केला.

"ही तुझ्या स्कूटरची. जा, वकिलांचं पुस्तक घेऊन ये."