पोह्यांच्या डब्यातलं नेटवर्क

आमच्या रेडमंडच्या ऑफिसात नेटवर्क मुद्दाम बिघडवायचं एक मशीन आहे. एक बटण दाबलं की लिफ्टमधलं नेटवर्क मिळतं, दुसरं दाबलं की बोगद्यातलं. त्यावर मी आमचं कॉलिंग अ‍ॅप तपासतो. ते सगळीकडे पास होत होतं. पण आमची मॅनेजर रीमा म्हणाली, लॅबबाहेरच्या एका खऱ्या माणसाशी अर्धा तास न तुटता बोलून दाखव. शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर अ‍ॅप बंद आणि आपण सगळे प्रिंटर सपोर्टला. प्रिंटर सपोर्टला गेलेला माणूस परत आलेला कुणी पाहिलेला नाही.

सलग अर्धा तास बोलणारं खरं माणूस माझ्याकडे एकच होतं, सुमित्रामावशी. ती फ्रिस्कोला लेकीकडे, दीपाताईकडे राहते. ताईच्या घरचं इंटरनेट आमच्या ऑफिसपेक्षा फास्ट आहे, म्हणजे मी जवळजवळ कॉपी करूनच पास होणार होतो.

तीन कॉल केले, तिन्ही तुटले. तेही मावशी दीपाताईबद्दल काहीतरी सांगायला लागली की नेमके तेव्हाच. मावशीचं म्हणणं, मीच कंटाळून फोन ठेवतो.

शेवटी तिला व्हिडिओ चालू करायला लावला. स्क्रीनवर एक गोल छत दिसलं आणि भोवती चकचकीत भिंत.

"मावशी, फोन कुठेय?"

"पोह्यांच्या डब्यात. रिकामा आहे, घाबरू नकोस. तुझं अ‍ॅप पुटपुटतं रे. स्टीलमध्ये आवाज घुमतो."

तेवढ्यात पावलं वाजली. मावशी "दीपा" एवढंच पुटपुटली आणि छतावर झाकण आलं. कॉल गेला.

मी रीमाला सांगितलं. ती हसली नाही. मावशीला डबा सोडायला सांगू का, असं विचारलं तर म्हणाली, युजरला नाही, अ‍ॅपला सुधार. दुसऱ्या दिवशी इंडियन स्टोअरमधून झाकणासकट एक डबा आणून तिने मशीनशेजारी ठेवला. मध्ये आमच्या टीममधल्या नकुलने त्यात भेळ कालवली, त्यामुळे अर्धा दिवस टेस्टिंग बंद. पण आम्ही अ‍ॅपचा आवाज दुप्पट केला, आणि झाकण लावलं तरी उरलेलं जरासं नेटवर्क धरून ठेवायला त्याला शिकवलं.

शुक्रवारी रीमा शेजारी खुर्ची ओढून बसली. मावशी लगेच रंगात आली. मंडळाच्या मोदक स्पर्धेत दीपाताईला पहिलं बक्षीस मिळालं होतं, आणि ते मोदक फ्रोझन होते, पाकिटातले. इथे मावशी एकदम गप्प झाली आणि पाठोपाठ ठप्प असा आवाज आला. झाकण. पण कॉल चालूच होता. मला इतका आनंद झाला की मी बोलत राहिलो.

"मावशी, मग ताईने घरी केलेत म्हणून सांगितलं की काय?"

पलीकडे मग झाकण निघालं.

"सिद्धेश का?" ही दीपाताई.

आवाज दुप्पट केल्याचं मला तेव्हा आठवलं.

"हो, ताई."

"बोल ना. मला वेळ आहे."

अजून वीस मिनिटं बाकी होती. मी हळूच माउस शोधला, पण रीमाने तो आधीच स्वतःकडे ओढून घेतला होता. ताई शेवटपर्यंत बोलली. एक शब्द अडकला नाही, कुठे खरखर नाही. इतका स्वच्छ आवाज आमच्या लॅबमध्येसुद्धा कधी आला नव्हता.