माळ्यावरचं सूप

ओमेश्वरी नागपूरला समुपदेशनाच्या एम.ए.ला गेली, तेव्हा दवनीवाड्यात तिच्या आईला शेजारणी विचारायच्या, हे शिक्षण नेमकं कशाचं? आई ठसक्यात सांगायची, "लोकायचं आयकाचं." "आयकाले कायले कॉलेज पायजे वो?" असं म्हणून त्या हसायच्या. त्यांचं फारसं चुकत नव्हतं, हे ओमेश्वरीला दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मुर्री गावातल्या एका ओसरीवर कळलं.

शेवटच्या सत्रात प्रत्यक्ष कामासाठी तिला मुर्रीची रुख्मा मिळाली होती. दिवाळीनंतर धान चुरताना मळणीच्या मशिनीत रुख्माच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. जखम भरली, पण हात पदराखालून बाहेर येईना. पहिल्या भेटीत ती तुटक का होईना, बोलली होती. मधेच भिंतीला टेकवलेल्या सुपाकडे बघून तिला रडू फुटलं. याच सुपात तेंदूपत्ता आणि जर्दा घेऊन तिनं लग्नापासून बिड्या वळल्या होत्या. ओमेश्वरीला लगेच पुस्तकातलं पान आठवलं: दुःखाची आठवण देणाऱ्या वस्तू नजरेआड कराव्यात. तिनं रुख्माच्या नवऱ्याला, चैतरामला, ते सूप माळ्यावर टाकायला लावलं. केवढा तो शहाणपणा! त्या दिवसापासून रुख्मानं तोंड मिटलं ते मिटलंच.

पुढच्या आठही भेटींत ओमेश्वरी शिकवल्याप्रमाणे समोरासमोर बसली, नजरेला नजर देत राहिली. रुख्मा तिच्या खांद्यावरून गल्लीकडे बघत राही. आज चैतराम दारातच म्हणाला, "आता बस झालं, म्याडम. आज सांजच्या गाडीनं तिले तिरोड्याले भावाकडं सोडून देतो. घरात मुकं मानूस पाहावत नाई." तिच्या कपड्यांची थैली भरून तयार होती. माणूस वाईट नव्हता, थकला होता. पण माहेरी टाकलेली बाई परत येतेच असं नाही, हे ओमेश्वरीलाही ठाऊक होतं आणि रुख्मालाही.

माघातली दुपार होती. ऊन ओसरीवर सांडलं होतं. गल्लीपलीकडे कडुनिंबाखाली पाच-सहा बाया मांडीवर सुपं घेऊन बिड्या वळत होत्या. भिजवलेल्या पानांचा ओलसर वास वाऱ्याबरोबर यायचा, जायचा. ओमेश्वरीचे डोळे जडावले. फाईल मांडीवरून घसरली तरी तिला कळलं नाही. ती दवनीवाड्याच्या अंगणात पोचली होती. आईचे हात पान गुंडाळत होते, दोरा फिरवत होते. कुणी बाई नवऱ्याच्या माराचं सांगत होती, कुणी गेलेल्या लेकराचं. कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. सगळ्यांचे डोळे आपापल्या सुपात, आणि तरी सगळं ऐकलं जात होतं. सूप नसलेली बाई मात्र तिथं टेकत नसे. उभ्या उभ्या "का वो" म्हणायची आणि पुढे जायची.

ओमेश्वरी दचकून जागी झाली. आपण या बाईची बसायची जागाच माळ्यावर टाकली!

"चैतरामभाऊ, सूप काढा," ती म्हणाली.

तिनं रुख्माचा डावा हात धरून तिला कडुनिंबाखाली नेलं आणि या वेळी तिच्या शेजारी बसली. सूप स्वतःच्या मांडीवर घेतलं, बायांकडून पानं आणि जर्दा मागून घेतला. "मावशी, चूक माही हाय," ती म्हणाली. "तुमचं सूप मीच लपवाले लावलं." मग ती बिड्या वळायला लागली. पहिली उलगडली. दुसरीतून जर्दा गळला. तिसरी गरोदर बाईसारखी फुगली, तशा बाया खो खो हसल्या.

"छाट हाय," कुणीतरी म्हणालं. छाट म्हणजे कारखान्यात नापास करून फेकतात ती बिडी.

आवाज खरखरीत होता. बायांचं हसू थांबलं. ओमेश्वरीनं मान वर केली नाही. डोळे सुपातच ठेवले.

"सारी छाट हाय," रुख्मा पुन्हा म्हणाली. "मायनं शिकवलं नाई का तुले?"

"शिकवत होती. मीच नाई शिकली. लाज वाटे मले."

कडुनिंबाचं एक पिवळं पान सुपात पडलं. मग पदर हलला आणि उजवा हात बाहेर आला. उरलेल्या अंगठ्यानं आणि करंगळीनं तिनं ओमेश्वरीचा अंगठा धरला, पानाच्या कडेवर नीट बसवला आणि दाबला.

"इथं. आता फिरव."

चैतराम थैली घेऊन गल्लीत आला होता. तो तिथंच थबकला. रुख्मानं सुपातून नजर न काढता त्याला सांगितलं, "थैली अंदर ठेवा जी. हे पोरगी एका दिवसात शिकनारी नाई."