बुजवलेल्या पायऱ्या

त्या रविवारी बाबा सकाळपासून पुठ्ठे कापत बसले होते. मी अकोल्याला शाळेत शिकवायचे, सुट्टीपुरती अमरावतीला आले होते आणि खाटेवर पडून वाचत होते. बाबा सरकारी कचेरीत नकाशे उतरवून काढायचे. तिवशाकडच्या आमच्या गावाजवळ नाल्यावर तलाव बांधायचं घाटत होतं. पाणी कुठवर चढेल हे नकाशा पाहून गावात कुणालाच उमगत नव्हतं, म्हणून बाबांनी तो नकाशा उभा करून दाखवायचं कबूल केलं होतं.

नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा असतात. बाबा एकेक रेषा एकेका पुठ्ठ्यावर उतरवत आणि तिच्यावरून पुठ्ठा कापत. तळाचा पुठ्ठा अख्खा, त्यावरचे नाल्यापासून दोन्ही अंगांना मागे मागे सरकत गेलेले. प्रत्येकावर पुढच्याची कड पेन्सिलीने आखलेली, म्हणजे वरचा नेमका तिथेच बसे. मधे मैद्याची खळ. एका पुठ्ठ्याचे तंतू उभे, तर दुसऱ्याचे आडवे, नाहीतर वाळताना सगळं वाकतं. वर वजनाला माझीच जाड पुस्तकं.

"हे गाव आहे की नदीचा घाट?" मी पुस्तकातून मान वर न करता म्हटलं.

"घाटच समज. पायऱ्या कामाच्या हायेत त्या."

मी पान उलटलं.

"मास्तरीणबाई, पुस्तकातून निंघाल तवा चा ठेवजा."

मी चहा ठेवला. साखर जास्त पडली. ते हसून प्यायले.

त्याच आठवड्यात कचेरीतून परतताना रस्त्यात त्यांच्या छातीत कळ आली. अकोल्याला तार पोचली आणि मी आले, तोवर सगळं संपलं होतं.

बुद्धवंदना झाली, माणसं पांगली. खोलीत मी आणि तो पुठ्ठ्यांचा उतार उरलो. तो पुरा झाला होता, पण मला ओबडधोबड वाटला. गावासमोर बाबांचं शेवटचं काम असं जाऊ नये. मी वर्तमानपत्रं भिजवून, कुटून त्यांचा लगदा केला आणि पायरीपायरीत भरला. ओल्या बोटांनी सगळे कोपरे मिटवले. वाळल्यावर हिरवा रंग दिला, नाला निळा केला, आमची वस्ती पांढऱ्या ठिपक्यांनी दाखवली. त्या कामात मला पहिल्यांदा रडू आलं आणि बरंही वाटलं.

एसटीने मी तो गावी नेला. जाईआत्याच्या अंगणात, बाबांच्या या धाकट्या बहिणीच्या दारात, वस्ती जमली. दुसऱ्या दिवशी साहेब येणार होते. कोणती घरं उठवायची, हे गावाला त्यांच्याशी बोलायचं होतं.

"लय देखणं केलं वं," कोणीतरी म्हणालं.

आत्या वाकून पाहत होती. तिच्या घराची मागची भिंत अर्धी बांधून थांबली होती. "माह्यं घर हे ना? आता सांग, पानी कुठवरी येते?"

मी पाहिलं. हिरवा उतार नाल्यापासून वरपर्यंत सलग होता.

"डोमाजी म्हनत होते, पानी ज्या पायरीवर थांबीन, थे मी बोट ठिवून दाखवीन," मोतीराम म्हणाला. तो आमचा शेजारी, बाबांना नावानेच हाक मारणारा. "पायऱ्या कुठी गेल्या?"

"पोरीनं सारवून टाकल्या," मागून एक म्हातारी म्हणाली. दोघंतिघं हसली. वाईट हेतूने नव्हे.

मोतीरामने नखाने खरवडून पाहिलं. लगद्याच्या ओलीने आतले पुठ्ठे फुगून एकजीव झाले होते. जे निघालं ते चिंध्यांसारखं निघालं. नकाशा कचेरीने परत नेला होता. कितवी पायरी, हे बाबांना ठाऊक होतं, आणि मी खाटेवर वाचत होते.

"असू दे रे," आत्या त्याला म्हणाली. "तिले बापानं सांगतलंच असन. थे एवढी शिकली. बोल वं माय, बांधू का भिंत?"

माझं बोट उतारावर गेलंसुद्धा. तिच्या ठिपक्याच्या जरा खाली मी कुठेही ठेवलं असतं, तर सगळ्यांनी मानलं असतं. या अंगणात कागद वाचायला, अर्ज लिहायला, साहेबाशी बोलायला लहानपणापासून मलाच पुढे करत आले होते, आणि मी कधी अडले नव्हते. जे येत नसे, तेही ठासून सांगितलं होतं. आत्या माझ्या बोटाकडे पाहत होती, बोट टेकायची वाट बघत.

मी हात मागे घेतला.

"आत्या," मी म्हणाले, "मले माईत नाई."