माझ्या बाजूचा ब्रेक

गाडी शिकवणाऱ्या माणसालाच गाडी चालवताना गरगरतं, हे सांगायचं कुणाला? लोक तोंडावर कीव करतील आणि दुसऱ्या दिवशी दुसरा मास्तर गाठतील. म्हणून मी चकार शब्द काढला नाही. माहीत फक्त बायकोला.

पहिल्यांदा झालं ते उड्डाणपुलावर. चढ संपला आणि रस्ता एका बाजूला कलंडला. हातांना घाम, छातीत धडधड. वाटलं, गाडी कठड्यावर चालली! प्रत्यक्षात ती नीट सरळ होती. मग कान तपासून झाले, डोळे झाले, रक्त झालं, डोक्याचे फोटो झाले. डॉक्टर म्हणतात, "काही नाही, टेन्शन घेऊ नका." अहो, मी कुठे टेन्शन घेतोय? तेच येऊन मानगुटीवर बसतंय!

"मग सोडा ना हे काम," बायको म्हणाली.

"आणि खायचं काय, धोंडे?"

तोड मीच काढली. शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाशीही एक ब्रेक असतो. स्टिअरिंगला मी हातच लावायचा नाही. घरापासून घरापर्यंत शिकणाऱ्यानं चालवायचं, मी शेजारी बसून ओरडायचं. ओरडण्यात माझा हात धरणारा कुणी नाही. "घाबरू नकोस, ब्रेकवर माझा पाय आहे," हे माझं ठरलेलं वाक्य. ते ऐकलं की लटपटणारी माणसंसुद्धा सुतासारखी सरळ चालवायची. पूल तेवढा टाळायचो. शेजारी बसून एकदाही गरगरलं नाही. सुंठीवाचून खोकला गेला, असं बायकोला ऐकवलंसुद्धा.

आज लेक चालवत होती. चांगली घोडी झालीय, तरी मी तिला ठमीच म्हणतो. उद्या तिची लायसन्सची परीक्षा.

"बाबा, पुलावरून जाऊ या ना. परीक्षेत तिथूनच नेतात."

मी दुसरा रस्ता सुचवणार होतो. पण म्हटलं, चालवणार ती, मला काय होतंय!

चढ तिनं झकास घेतला. माझी पोरगी ती! आम्ही माथा ओलांडला आणि माझे कान एकदम गच्च झाले. रस्ता कलंडला. गाडी कठड्याकडे निघाली, ठमीसकट. मी सगळ्या अंगानिशी ब्रेक दाबला.

गाडी जागच्या जागी थांबली, बंद पडली.

"बाबा! काय केलंस हे? सरळ चालली होती ना!"

"कठडा..."

"कठडा तिकडे लांब आहे!"

तिनं किल्ली फिरवली, गिअर टाकला, सगळं मी शिकवलं होतं तसं. गाडी हलेना. मागच्या चढावरून ट्रकचा आवाज येत होता. माथ्यावर येईपर्यंत त्याला आम्ही दिसणार नव्हतो.

"पाय काढ, बाबा! बाबा, पाय!"

मला ऐकू येत होतं, कळतही होतं. पण पाय काढला की ती खाली जाईल, असंच वाटत होतं. तो उचलेचना.

आरशात ट्रकचं तोंड वर आलं. हॉर्न सुरू झाला तो थांबेचना.

"घाबरू नकोस," मी म्हणालो. "ब्रेकवर माझा पाय आहे."