दुसऱ्या मशीनची जागा

शहरातल्या खात रोडवरच्या त्या घरात भांडी धुवायची मशीन अजून आली नव्हती, पण तिच्यावरून कटकट मात्र पंधरा दिवस रोज नेमाने होत होती. एका मशीनवरून झाली असती तर कोणालाही समजली असती. ही होती दोन मशिनींवरून.

भांडी घासणाऱ्या आनंदाबाईंचे गुडघे गेले आणि त्यांनी काम सोडलं. तेव्हा मशीन घेऊ, असं रुचितानंच काढलं. सासूबाई, म्हणजे गोदावरीबाई, नाक मुरडतील अशी तिची खात्री होती. पण त्या सुपारी कातरता कातरता म्हणाल्या, "घ्या ना. पण दोन घ्या."

"दोन कायले, आई?"

"एक माह्या भांड्याईची अन् एक तुमच्या कोंबड्या-मटणाची."

गोदावरीबाईंनी तीन वर्षांपूर्वी गळ्यात तुळशीची माळ घातली होती. तेव्हापासून मागच्या अंगणात नळाखाली दोन टब असत. निळ्यात वरण-भाताची भांडी, लालमध्ये मटण-मासळीची. निदान रुचिताला तसं सांगण्यात आलं होतं, आणि तिला त्यात काही वावगंही वाटलं नव्हतं.

ती सिहोऱ्याच्या बौद्ध घरातली, ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारी. कैलाश सानगडीच्या पाटलांच्या घरातला. चार वर्षांपूर्वी दोघांनी लग्न केलं, तेव्हा सानगडीतलं कोणी वर्षभर त्यांच्याशी बोललं नव्हतं. मग गोदावरीबाई आपणहून पोराकडे राहायला आल्या आणि रुचिताने झालं गेलं सारं विसरायचं ठरवलं. माणूस सुखाला हपापलेला असला की फार लवकर विसरतो. सासूबाई तिला जेवल्यावर ताटसुद्धा उचलू देत नसत. "राहू दे व, मी उचलतो. तू दमून आली," म्हणायच्या. हे तिने बाबांना फोनवर दहादा तरी कौतुकाने सांगितलं असेल.

मशीनसाठी मात्र ती हटून बसली. "आई, आत सत्तर डिग्रीचं पाणी फिरते. काही उरत नाही. पाहिजे तं पहिले तुमचे भांडे धुवू, मग आमचे."

"पाणी तं त्याच पोटात फिरते ना?"

"तुमचा पाणी प्याचा पितळेचा गडवा तं मशीनमध्ये टाकताच येत नाही. काळा पडते."

"गडवा मी हातानं घासन. मशीन दोनच पाहिजे."

जिच्या गडव्याला मशीन चालत नव्हती, तिला मशीन स्वतंत्र हवी होती. रुचिताने कपाळावर हात मारून घेतला. कैलाशने नेहमीप्रमाणे सोपी वाट धरली. "घेऊन टाकू ना यार दोन. रोजची किटकिट कोण ऐकन?" शेवटी तीही कंटाळली आणि हो म्हणाली. रविवारी प्लंबर योगेंद्रला बोलावलं.

त्याच रविवारी नणंद रीता आणि तिचा नवरा निकेश आले. जावई आला म्हणजे गावरान कोंबडा आला. गोदावरीबाई स्वतः खात नसल्या तरी जावयासाठी मसाला त्यांनीच वाटून दिला. रुचिताचे बाबा डोमाजीही सिहोऱ्याहून आंबे घेऊन आले. एसटीत कंडक्टर म्हणून आयुष्य काढलेला हा माणूस, विपश्यनेचं शिबिर केल्यापासून मांसाला शिवत नव्हता. त्यांच्यासाठी वरण-भात आणि आमरस केला. रुचिताही त्यांच्यासोबत तेच जेवली. गोदावरीबाईंनी हात जोडून आग्रह केला, "घ्या जी, पोटभर घ्या." डोमाजी संकोचून हसत होते. रुचिताला वाटलं, चला, एवढं तरी जमलं.

जेवण आटोपताच ती योगेंद्रला घेऊन मागच्या अंगणात गेली. पाण्याची लाईन कुठून आत घ्यायची, सांडपाणी कुठून काढायचं, तो भिंतीवर खडूने खुणा करत होता. तेवढ्यात गोदावरीबाई ताटं घेऊन आल्या. दोन्ही हातांत दोन-दोन.

कोंबड्याच्या हाडांनी भरलेली निकेशची आणि रीताची ताटं त्यांनी निळ्या टबात ठेवली. वरण-भाताची दोन ताटं, डोमाजींचं आणि रुचिताचं, त्यांनी लाल टबात टाकली.

"आई, उलटं झालं," रुचिता म्हणाली आणि बदलायला वाकली.

गोदावरीबाईंनी तिचं मनगट धरलं. "राहू दे. बरोबर आहे."

"बाबानं कोंबडा खाल्ला नाही."

"मले मालूम आहे."

रुचिता तशीच वाकलेली राहिली. डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली.

"मग मटणाचा टब कोणता?"

"जवाई आपला आहे," गोदावरीबाई म्हणाल्या. आवाज जरासुद्धा खाली केला नाही. "तुह्या बापाले मी काय कमी केलं? बसवलं, वाढलं, हात जोडले. पण भांडे माह्याच्यानं मिसळवत नाही."

"अन् माहं ताट? तीन वर्षं तुम्ही उचलून राहिल्या, ते कुठं ठेवत होत्या?"

"लालमध्ये."

"वरण-भाताचं बी?"

"हाव. एक शब्द बोलली का मी तुले कधी? तुले वाईट नको वाटाले म्हणून गुपचूप करत होतो. याले बी गुन्हा म्हणशीन आता?"

म्हणजे ही कृपा होती! रुचिताला सासूचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. रोज जेवण झाल्यावर 'थँक्यू आई' म्हणणारी, बाबांजवळ फुशारकी मारणारी मूर्ख बाई तिला समोर दिसत होती.

"मटणाची मशीन नव्हतीच पाहिजे तुमाले!" ती ओरडली. "माह्या नावाची मशीन पाहिजे होती! तसं तोंडानं सांगाचं होतं ना! माळेचं नाव कायले पुढं केलं?"

"आवाज खाली कर. जवाई घरात आहे."

"ऐकू द्या जवायाले! त्याचे हाडं चालते तुमाले अन् माह्या बापाचं वरण चालत नाही!"

योगेंद्र खडू हातात धरून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. परक्याच्या घरातल्या अशा भांडणात माणसाने कुठे पाहावं, हे त्यालाही सुचेना.

आरडाओरडा ऐकून कैलाश आतून आला. हातात त्याचं ताट होतं, कडेला हाडांचा ढीग. "काय झालं? काहून ओरडून राहिल्या?" असं विचारत तो सरळ नळाशी गेला आणि ताट निळ्या टबात ठेवलं. त्याने टबाकडे पाहिलंसुद्धा नाही. हाताला सवय होती.

मग त्याने मान वर केली. रुचिता त्याच्याकडे बघत होती.

"तुले बी मालूम होतं," ती म्हणाली. ती विचारत नव्हती.

"रुचि, आई जुन्या माणसाईतली आहे. टबच तं आहे."

"तीन वर्षं?"

"अगं, म्हणूनच तं म्हटलं ना, दोन मशिनी घेऊन टाकू." कैलाश अगदी समजावणीच्या सुरात बोलत होता. "मशीनले दरवाजा राहते. कोणाचं ताट कुठं गेलं, तुले दिसलंच नसतं."

एवढं बोलून झाल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो. पण बोलून झालं होतं.

दारात डोमाजी उभे होते. हात धुवायला आले होते, ते तसेच खरकट्या हातांनी थांबले होते. किती ऐकलं होतं, हे विचारायची गरज नव्हती. रुचिताला त्यांच्याकडे बघवेना. या घराची बढाई तिने त्यांच्यासमोरच मारली होती. त्यांनी नळाशी येऊन हात धुतले आणि ते चपला शोधू लागले.

योगेंद्रने घसा साफ केला. "मॅडम, मी मंग येऊ का? का भिंत फोडू? एका मशीनची का दोनची?"

"दोनची!" गोदावरीबाई म्हणाल्या.

"एकाच मशीनची फोडा, भाऊ," रुचिता म्हणाली. तिचा आवाज आता शांत होता आणि त्यामुळे कैलाश अधिक घाबरला.

"एक चालणार नाही, मी सांगून राहिलो!" गोदावरीबाई कडाडल्या.

"चालन, आई. या घरात आता एकाच जातीची भांडी राहतीन."

तिने लाल टबातली दोन्ही ताटं काढली, नळाखाली धरून आपल्या हाताने घासली आणि बॅग भरायला आत गेली.

"रुचि, अगं, घर तुहं बी आहे!" कैलाश मागून म्हणाला.

"घर होतं," ती आतून म्हणाली. "ताट नव्हतं."