ज्याला नको त्यालाच

सकाळ पुरती तापली नव्हती तोच ऑरिन हॉगलंड कुंपण रंगवायला बसला. कुंपणाला रंगाची काही गरज नव्हती. पण दर चार वर्षांनी, अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या उन्हाळ्यात, पक्षाच्या अधिवेशनाच्या दिवशी ऑरिन ते रंगवत आला होता, आणि हा पाचवा हात होता. एव्हाना फळ्या इतक्या जाड झाल्या होत्या की फाटक लागेनासं झालं होतं.

“आधी जुना रंग घासून तरी काढ,” आतून आयडेला, त्याची बायको, म्हणाली.

“आज वेळ नाही.”

“खरंच की. आज तुला कामात दिसायचंय. काम कुठे करायचंय!”

ऑरिनने ब्रश रंगात बुडवला. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईशी वाद घालू नये एवढं शहाणपण त्याला होतं.

अमेरिकेतले दोन मोठे पक्ष आपला उमेदवार कसा निवडतात ते सगळं जग टीव्हीवर बघतं. फुगे सुटतात, बँड वाजतो, आणि ज्याला पद हवंय तो छाती काढून ‘मला हवंय’ म्हणतो. आयोवातल्या आमच्या बेल्फर्ड गावच्या मुक्त पूल पक्षाला हे निलाजरेपण कधी जमलं नाही. शंभर वर्षांपूर्वी इझिकेल थॉर्नडाइक नावाच्या शेतकऱ्याचं डेबोरा नावाचं खेचर टोलच्या पुलापाशी अडून बसलं. थॉर्नडाइकला खेचराचं म्हणणं पटलं. तो माघारी फिरला आणि त्याने पक्ष काढला. पुढे पुलावरचा टोल उठला, पक्ष मात्र उठला नाही. त्याच थॉर्नडाइकने नियम घालून दिला की ज्याला अध्यक्षपद हवंय त्याला ते द्यायचं नाही. उमेदवार सभेला हजर नसावा, आपल्या घरी आपल्या कामात असावा. शिष्टमंडळाने त्याच्या व्हरांड्यापर्यंत चालत जावं, त्याने दोनदा नाही म्हणावं आणि तिसऱ्यांदा मान झुकवावी. ‘हवं’ हा शब्द तोंडातून निघाला की नाव कटलं. त्यामुळे गुडघ्याला बाशिंग बांधलेले लोक आमच्यातही पुष्कळ, पण सगळे ताकाला जाऊन भांडं लपवणारे.

ऑरिनला ते हवं होतं. जीव जावा इतकं हवं होतं. तो लहान असताना याच व्हरांड्यात त्याचे वडील लाकूड तासत बसले होते, आणि शिष्टमंडळ हॅट काढून पायरीशी उभं राहिलं होतं. वडिलांना साऱ्या देशातून चार हजार मतं पडली. पण पुढे मरेपर्यंत बेल्फर्डचा न्हावीसुद्धा त्यांना ‘अध्यक्षमहाशय’ म्हणायचा. ऑरिनच्या नशिबी मात्र दर खेपेला कुंपण यायचं. मागच्या वेळी शिष्टमंडळ त्याच्या फाटकावरून सरळ पुढे गेलं, आर्ची लुट्सच्या घरी. आणि तिकडच्या टाळ्या ऑरिनने हातात ब्रश धरून ऐकल्या. आता तो सदुसष्ट वर्षांचा होता. पुढच्या खेपेला असू नसू कोण जाणे.

पण या वेळची गोष्ट वेगळी होती. पक्षाध्यक्ष क्लेटस बर्मेस्टर, ज्याचं गावात पेंडीचं दुकान आहे, त्याने चर्चबाहेर त्याला बाजूला घेऊन हळूच सांगितलं होतं, “या खेपेला व्हरांडा झाडून ठेव हो, ऑरिन.” एवढं पुरेसं होतं. ऑरिनने रंगाने माखलेल्या डगल्याखाली इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. आयडेलाने चेरीचे दोन केक भाजले. पहाटे न्हाणीघरात आरशासमोर त्याने आपलं स्वीकाराचं भाषण पुन्हा एकदा म्हणून घेतलं, जे तो सोळा वर्षं म्हणत आला होता.

दहाच्या सुमाराला स्वयंपाकघरातला फोन वाजला. पलीकडे डर्क व्हॅन झांटे होता, चार शेतं सोडून राहणारा.

“घरीच का रे?” डर्कने विचारलं.

“कुंपण रंगवतोय. तू?”

“छपराच्या पन्हळी साफ करतोय. शिडीवर आहे.”

“शिडीवर फोन कुठून आला लेका?”

“उतरलोय घटकाभर.”

“मागच्या वेळीही तुझ्या पन्हळीच तुंबल्या होत्या.”

“मागच्या वेळीही तुझं कुंपणच होतं!”

दोघांनी एकदमच फोन आपटला. ऑरिनच्या मनात पाल चुकचुकली. डर्कसुद्धा सभेला गेला नव्हता तर!

तासाभराने पुन्हा फोन आला. या वेळी क्लेटस होता, अग्निशमन दलाच्या हॉलमधून. तो रडकुंडीला आला होता.

“ऑरिन, कोरम भरत नाही रे. निम्मे तरी प्रतिनिधी हवेत, इथे मूठभर माणसं बसलीत. त्यातली दोन तर लिंबू सरबत वाटायला आलीत.”

“बाकीचे कुठे गेले?”

“कुणी गवत कापतंय, कुणी कोठाराला खिळे ठोकतंय. एकाची बायको म्हणाली, ते मधमाश्यांत आहेत.”

ऑरिनच्या डोक्यात प्रकाश पडला. “क्लेटस, व्हरांडा झाडून ठेव असं तू कुणाकुणाला म्हणालास?”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

“अरे, म्हटलं की माणसाला बरं वाटतं,” क्लेटस शेवटी म्हणाला. “वर्गणी वेळेवर देतात.”

“किती जणांना म्हणालास?”

“जो भेटला त्याला! आता शिव्या नंतर घाल. सोमवारी सकाळी राज्याच्या कचेरीत नाव पोचलं नाही तर मतपत्रिकेवरची आपली ओळ गेली. कायमची. तू ये. तू निघालास कळलं की दुसरेही निघतील. हॉगलंडच्या घरचा माणूस आहेस तू.”

“आलो की माझं नाव कटलं.”

“हो,” क्लेटस म्हणाला. त्या एका शब्दात तरी लबाडी नव्हती.

ऑरिन येऊन पायरीवर बसला. आयडेलाने सगळं ऐकलं होतं, पण ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं, त्याला रागावता आलं असतं.

“जाईल कुणीतरी दुसरा,” तो म्हणाला.

“जाईल ना. गावातल्या प्रत्येक व्हरांड्यात आत्ता माणसं हेच म्हणत बसली असतील.”

ऑरिनने कुंपणाकडे पाहिलं. ते अर्धं ओलं होतं आणि अर्धं कोरडं. वडील इथे असते तर काय म्हणाले असते, हे त्याला विचारावंसं वाटलं नाही, कारण उत्तर ठाऊक होतं. तो उठला आणि ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात उभा केला.

“तूही चल,” तो म्हणाला. “यादीत तुझंही नाव आहे. मागे आकडा भरायला मीच घातलं होतं.”

“आणि हे वाटाणे कोण सोलणार? थॉर्नडाइक?”

तो एकटाच गाडीत बसला. बेल्फर्डच्या रस्त्यावर पुढे डर्कचा ट्रक होता, मागे आणखी दोन गाड्या. क्लेटसने हॉगलंडचं नाव सगळ्यांना सांगितलं असणार. हॉलच्या दारात सगळे एकमेकांना भेटले आणि चोरी पकडल्यासारखे जमिनीकडे बघायला लागले. कुणाच्या विजारीला गवत, कुणाच्या डोक्यात पन्हळीतला पाचोळा, एकाच्या नाकावर मधमाशी चावल्याची गांधी. आणि आत प्रत्येकाचा शर्ट कडक इस्त्रीचा.

मंचावर फ्रीडाबाई बसल्या होत्या. गावातल्या तीन पिढ्यांना त्यांनी अक्षरं शिकवली होती, आणि पक्षाचे नियम त्यांच्याइतके कुणालाच पाठ नव्हते.

“बसा,” फ्रीडाबाई म्हणाल्या. “कोरम भरला, अभिनंदन. आता जे हजर आहेत त्यांच्यातला एकही उमेदवार होऊ शकत नाही. गैरहजर कोण आहे, क्लेटस?”

क्लेटसने यादीवरून बोट फिरवलं. “आर्ची लुट्स.”

“तो मार्चमध्ये वारला,” मागून कुणीतरी म्हणालं.

“मग त्याला पद नक्कीच नको असणार,” डर्क आशेने म्हणाला.

“डर्क, नियमात माणूस घरी असावा असं आहे, आणि कामात असावा असंही आहे. आर्ची दोन्हींत नाही. खाली बस. आणखी कोण?”

क्लेटसचं बोट शेवटी थांबलं. “आयडेला हॉगलंड.”

सगळ्या माना ऑरिनकडे वळल्या. सोळा वर्षं ते पद त्याच्या घराकडे यायची तो वाट बघत होता. आता ते निघालं होतं, पण त्याच्यासाठी नाही.

“आयडेलाने या पदाची इच्छा कधी बोलून दाखवलीय का?” फ्रीडाबाईंनी विचारलं. “खरं सांग, ऑरिन.”

“नाही बाई. ती म्हणते...”

“काय म्हणते?”

“आपला पक्ष म्हणजे म्हाताऱ्या पोरांचा खेळ आहे.”

हॉलमध्ये कौतुकाची कुजबुज पसरली.

“काय निरिच्छ बाई आहे!” डर्क भारावून म्हणाला. “थॉर्नडाइकनंतर असं माणूस झालं नाही.”

हात वर झाले. ऑरिनचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला, बोटांना पांढरा रंग लागलेला. आपल्या बायकोविरुद्ध मत द्यायचं कसं, आणि बाजूने द्यायचं तरी कुठल्या तोंडाने, हे त्याला कळत नव्हतं. विनंतीचा मजकूर कोण म्हणणार असा प्रश्न निघाला, तेव्हा फ्रीडाबाईंनी त्याच्याकडे बोट केलं. तो मजकूर अख्ख्या पक्षात त्याच्याइतका कुणालाच पाठ नव्हता.

आयडेला व्हरांड्यात वाटाणे सोलत बसली होती. तिला कामात दिसायचं नव्हतं, कामच करायचं होतं. एवढी माणसं फाटकातून येताना बघून ती म्हणाली, “अगं बाई! केक पुरायचे नाहीत.”

ऑरिनने हॅट काढली. “आयडेला हॉगलंड, आपल्या कामात मग्न असलेल्या नागरिक, मुक्त पूल पक्ष आपल्याला विनंती करतो की...”

“ऊन लागलं का रे तुला?”

“...या देशाच्या अध्यक्षपदासाठी आपण आमचं नामांकन स्वीकारावं.”

“मला? मला नको.”

टाळ्या कडाडल्या.

“टाळ्या कसल्या पिटताय? खरंच नको म्हणतेय मी! वेड लागलंय का तुम्हाला?”

टाळ्या दुप्पट झाल्या. डर्कने डोळे पुसले.

“दोन झाले,” फ्रीडाबाई म्हणाल्या. “तिसरा नकार खरा धरतात. ऑरिन, पुन्हा विचार.”

ऑरिनने विचारायच्या आतच आयडेलाने मांडीवरचं भांडं खाली ठेवलं आणि त्याच्याकडे रोखून पाहिलं.

“तू गेलास कशाला मग? घरी थांबला असतास तर तुलाच मिळालं असतं.”

“कोरम भरत नव्हता.”

“आणि आपलं नाव कटणार, हे निघताना ठाऊक होतं तुला?”

“होतं.”

ती अर्ध्या कुंपणाकडे बघत राहिली. मग तिने एप्रनला हात पुसले, उभी राहिली आणि सगळ्यांसमोर मान झुकवली. जल्लोष ओसरल्यावर ती बोलायला लागली.

“मित्रहो, तुम्ही मला माझ्या कामात गाठलंत. हे पद मागणाऱ्याच्या हाती शोभत नाही, आणि टाळणाऱ्याची पाठ सोडत नाही.”

हे वाक्य ऑरिनचं होतं. पुढचंही त्याचंच होतं. न्हाणीघराच्या दाराआडून ऐकलेलं अख्खं भाषण तिला मुखोद्गत होतं, कुठे थांबायचं आणि कुठे आवाज चढवायचा त्यासकट. आणि खरं सांगायचं तर ती त्याच्यापेक्षा कितीतरी छान म्हणत होती.

“मी इझिकेल थॉर्नडाइक यांची ऋणी आहे. मी डेबोराची ऋणी आहे, जिने आपल्याला अडून बसायला शिकवलं. मी माझ्या सासऱ्यांची ऋणी आहे, ज्यांनी याच पायरीवर मान झुकवली.”

भाषण इथे संपायचं. पण आयडेला थांबली नाही.

“आणि मी माझ्या नवऱ्याची ऋणी आहे,” ती म्हणाली. “त्याने हे कुंपण पाच वेळा रंगवायला घेतलं, आणि आज ते अर्धं टाकून तो तुमच्याकडे आला.”

“काय उत्स्फूर्त बोलते रे!” डर्कने ऑरिनला ढोसलं.

ऑरिनला टाळी वाजवता आली नाही. तो आत गेला आणि केक कापायला लागला. सुरी धड चालत नव्हती. थोड्या वेळाने आयडेला बशा न्यायला आली.

“तुला सगळं पाठ होतं,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

“होणारच. तू म्हणायला लागलास की मी हातातलं काम टाकून दाराशी येऊन उभी राहायचे. दर वेळी, अगदी शेवटापर्यंत.”

“कशासाठी?”

आयडेलाने बशा एकावर एक रचल्या. “म्हटलं, खेचराचं नाव आलंय, तर या खेपेला माझंही येईल.”